आम्ही कळवू

मुलाखतीच्या दालनातून बाहेर पडणाऱ्या उमेदवाराच्या पाठीमागे दार लोटले जाण्यापूर्वी जे शेवटचे वाक्य त्याच्या कानी पडते, ते बहुधा दोनच शब्दांचे असते : ‘आम्ही कळवू.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. त्याला कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि ते क्रियापद रीतसर भविष्यकाळी चालविलेले आहे. त्यात नाही ती एकच गोष्ट, आणि ज्याला उद्देशून ते उच्चारले जाते त्याला त्या घटकेस हवी असते तीही नेमकी तेवढीच. ती गोष्ट म्हणजे तारीख.

गेल्या महिन्यात माझी पुतणी हिंजवडीतल्या एका कंपनीची मुलाखत देऊन आली. संध्याकाळी ती आमच्याकडे आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. प्रश्न कोणते विचारले, उत्तरे कशी जमली, समोरच्या तिघांपैकी कोण हसले आणि कोण शेवटपर्यंत हसले नाही, याचे साग्रसंगीत वर्णन झाले. शेवटी काय म्हणाले, असे मी विचारले.

“कळवतो म्हणाले, काका.”

“कधी?”

“ते नाही सांगितलं.”

“तू विचारलंस?”

“असं विचारतात का?”

या तिच्या प्रतिप्रश्नात आपल्या मध्यमवर्गीय घरांतील तीन पिढ्यांचे शिक्षण साठलेले आहे, असे मला वाटले. मागणाऱ्याने अदबीने उभे राहावे, देणाऱ्याची सवड पाहावी, आणि विचारणा करून आपली गरज उघडी पाडू नये, ही ती शिकवण. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण तिची किंमत मी स्वतः एकदा मोजलेली असल्यामुळे तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा मला काहीसा अधिकार आहे.

‘उमेदवार’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. उमेद म्हणजे आशा. जो आशा बाळगून आहे तो उमेदवार. ‘मुलाखत’ही अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि तिचा मूळ अर्थ नुसती भेट एवढाच आहे. जुन्या कचेऱ्यांमधून उमेदवारी करणे याचा अर्थ, जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी किंवा नाममात्र मुशाहिऱ्यावर दप्तरे बांधीत, नकला उतरवीत आणि वरिष्ठांची मर्जी राखीत बसणे असा होता. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, आणि तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे की, तो उमेदवार कचेरीच्या आत बसून वाट पाहत असे. कोणाची बदली ठरली, कोण रजेवर गेला, कोणत्या दरखास्तीवर साहेबांनी काय शेरा मारला, हे त्याला डोळ्यांनी दिसत असे. आजचा उमेदवार अर्ध्या तासाच्या भेटीनंतर दाराबाहेर येतो आणि त्याच्या आयुष्याविषयीचा निर्णय ज्या खोलीत व्हायचा आहे, त्या खोलीतला एक शब्दही यापुढे त्याच्या कानावर येणार नसतो. आशा तीच राहिली, पण तिला पाहायला खिडकी उरली नाही.

माझी गोष्ट १९७४ सालची आहे. एप्रिलच्या अखेरीस फोर्टमधील एका व्यापारी पेढीच्या कार्यालयात मी कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत दिली आणि ‘आम्ही कळवू’ हा प्रसाद घेऊन गिरगावातल्या चाळीत परतलो. दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनच्या जिन्यावरील पावलांचा मला जो अभ्यास झाला, तो एखाद्या रागाच्या अभ्यासकाला व्हावा इतका सूक्ष्म होता. तो पहिल्या मजल्यावर किती वेळ थांबला यावरून त्याच्या पिशवीत मनीऑर्डर आहे की नुसती कार्डे आहेत, हे मी सांगू शकत असे. मेच्या ८ तारखेस रेल्वेचा तो देशव्यापी संप सुरू झाला, आणि मी एकदा कार्यालयात जाऊन विचारू का, असे भीत भीत म्हणताच बाबा म्हणाले, “संप चालू आहे. टपाल अडकलं असेल. आणि असं विचारायला गेलास तर हलका पडशील.” फोर्टातून गिरगावात येणाऱ्या पत्राला आगगाडीत बसावे लागत नाही, ही साधी गोष्ट घरातल्या पाच शहाण्या माणसांपैकी एकालाही सुचली नाही. संप २७ मेला मिटला. पत्र आले नाही.

ते आले जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही पोस्टमनच्या हस्ते नव्हे. अर्जावर इंग्रजीत पत्ता लिहिताना मी ‘१७’ या आकड्यातील सात इतका सडपातळ काढला होता की कार्यालयाच्या टंकलेखकाने तो एक समजून लिफाफ्यावर खोली क्रमांक ११ असे छापले. अकरा नंबरच्या आजी मेच्या आरंभी कुलूप लावून रत्नागिरीकडे गावी गेल्या होत्या, आणि दाराखालून आत सरकविलेला तो लिफाफा त्यांच्या कोरड्या फरशीवर सव्वा महिना पडून होता. पाऊस लागल्यावर त्या परतल्या, चष्मा शोधला आणि मला हाक मारली, “अरे, हे तुझं दिसतंय.” पत्रावर ६ मेची तारीख होती. मूळ प्रमाणपत्रांसह २० मे रोजी हजर व्हावे, असा हुकूम होता.

मी धावत कार्यालयात गेलो. तिथल्या हेडक्लार्कने, त्याचा स्वर अजून माझ्या कानात आहे, न रागावता जावक बारनिशी उघडली, माझ्या नावापुढची नोंद बोटाने दाखविली आणि म्हणाला, “आम्ही पाठवलं, तुम्ही आला नाहीत. यादीतला दुसरा माणूस तीन तारखेला रुजू झाला. तो मधे दोनदा येऊन विचारून गेला होता. तुम्ही एकदाही नाही.”

पुढे अनेक वर्षांनी भारतीय संविदा अधिनियम चाळताना मला त्यात ‘कळविणे केव्हा पूर्ण झाले असे मानावे’ या एकाच विषयास वाहिलेले एक कलम आढळले. १८७२ च्या त्या कायद्याचे चौथे कलम म्हणते की, प्रस्ताव ज्याला केला त्याच्या ज्ञानात तो आला म्हणजेच कळविणे पूर्ण होते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मला कोणी काही कळविलेच नव्हते, असे मी आज छातीठोकपणे म्हणू शकतो. त्याने जागा परत मिळत नाही, हा भाग वेगळा.

त्या प्रसंगात मला स्वतःच्या मूर्खपणापेक्षाही विचार करण्याजोगा वाटत आला आहे तो यादीतला दुसरा माणूस. मेचा सगळा महिना तो वाट पाहत होता, आणि त्याला उत्तर न मिळण्याचे कारण त्याच्या गुणांत किंवा दोषांत कोठेही नव्हते. ते कारण मी होतो. पहिल्याने हो किंवा नाही म्हटल्याशिवाय दुसऱ्याला नकारही देता येत नाही आणि होकारही देता येत नाही, आणि ‘तुम्ही आमची दुसरी पसंती आहात’ असे सांगण्याचा प्रघात जगात कोठे नाही. आजच्या खाजगी कंपन्यांतील मौनाचा मोठा भाग याच कारणाने उत्पन्न होतो. पहिल्या पसंतीच्या माणसाला देकारपत्र, म्हणजे सगळे ज्याला ऑफर लेटर म्हणतात ते, गेलेले असते; तो ते हातात धरून आपल्या जुन्या कंपनीशी पगारवाढीची घासाघीस करीत असतो; संगणक-क्षेत्रात नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असल्यामुळे तो खरोखर येणार की नाही हे कळायला तीन-तीन महिने जातात, आणि तेवढा काळ दुसरा उमेदवार आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर चुकलो, याचा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शोध घेत असतो.

इतरही कारणे असतात आणि ती बहुतेक सगळी तितकीच निर्जीव असतात. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एकजण परगावी गेलेला असतो आणि त्याचा अभिप्राय संगणकात नोंदविला गेलेला नसतो. जागेला वित्त-विभागाची मंजुरी होती ती तिमाही संपताच गोठते. खात्याचा प्रमुखच बदलतो. मनुष्यबळ विभागातील ज्या मुलीने किंवा मुलाने आपल्याला फोन केलेला असतो, त्याच्या अंगावर अशा अनेक जागांचा भार असतो आणि निर्णयाचा अधिकार मात्र एकाही जागेचा नसतो. तो जे सांगत नाही ते पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. नकार न कळविण्यात मात्र शुद्ध आळस किंवा भिडस्तपणा असतो, आणि त्याची वकिली करण्याची मला गरज वाटत नाही. ज्याला घरी बोलावून चहा पाजला त्याला ‘जमणार नाही’ एवढे दोन ओळींत लिहिण्यास वेळ नव्हता, हे कोणत्याही संस्थेने सांगू नये.

वाट पाहण्याचा त्रास नेमका कशाने होतो, याचा शोध विद्वानांनी घेतलेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मार्मिक वाटतो. ४५ माणसांना संगणकावर दगड दाखवून, याखाली साप आहे की नाही ते ओळखा, असे सांगितले आणि साप निघाला की हाताला विजेचा लहानसा, पण झोंबणारा धक्का दिला. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून त्यांचा ताण मोजला, तेव्हा तो सर्वाधिक आढळला तो साप निश्चित असताना नव्हे, तर असणे-नसणे निम्मे-निम्मे असताना. धक्का बसणारच, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो त्या मानाने स्वस्थ असतो. मुलाखत चांगली गेलेल्या उमेदवाराची रात्र वाईट गेलेल्यापेक्षा अधिक अस्वस्थ का असते, याचा उलगडा मला येथे झाला. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका केट स्वीनी यांनी तर वाट पाहण्यालाच आपल्या अभ्यासाचा विषय केला आहे. वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची प्रतीक्षा करणाऱ्या पदवीधरांना त्या टप्प्याटप्प्याने प्रश्न विचारीत राहिल्या. त्यांना आढळले ते असे की मन रमविण्याच्या, उमेद धरण्याच्या किंवा वाईटाची तयारी करण्याच्या युक्त्यांनी त्या काळातला त्रास फारसा कमी होत नाही. उलट ज्यांनी काळजीत दिवस काढले, त्यांना पुढे वाईट बातमी अधिक धीराने सोसता आली आणि चांगली बातमी अधिक गोड लागली. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ‘एवढी काळजी कशाला करतोस’ हे वाक्य काही दिवस आवरावे. काळजी करणारा आपले काम चोख करीत असतो.

पण अनिश्चिततेचे दोन भाग असतात, आणि त्यांतला एक आपल्या हाती येण्याजोगा असतो. निकाल काय लागेल हे उमेदवाराला कळू शकत नाही. कधी लागेल हे मात्र पुष्कळदा नुसते विचारल्याने कळते. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा कंपनीच्या उज्ज्वल भवितव्याविषयी पाठ केलेला प्रश्न विचारण्यापेक्षा, ‘निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि त्यानंतर मी कोणाशी संपर्क साधू?’ एवढे विचारावे. यात लाचारी नाही. रेल्वेच्या चौकशी-खिडकीवर गाडीची वेळ विचारणाऱ्याला कोणी याचक म्हणत नाही. समोरच्याने ‘दोन आठवडे’ म्हटले की आपली प्रतीक्षा चौदा दिवसांची झाली, आणि पंधराव्या दिवशी विचारणे हा उद्धटपणा न राहता त्यांच्याच शब्दाची आठवण ठरली.

येथे मराठीने दोन शब्द दिले आहेत आणि त्यांतला भेद मला शंभर उपदेशांच्या तोलाचा वाटतो : पाठपुरावा आणि तगादा. तगादा सावकार लावतो. त्यात नवे काही नसते, तीच मागणी पुनःपुन्हा, वाढत्या आवाजात. पाठपुरावा करणारा मात्र दरवेळी समोरच्याच्या हाती काहीतरी ठेवतो : एखादी तारीख, राहिलेला कागद, नाहीतर एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न. सकाळ-संध्याकाळ फोन करणे, रात्री दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काही कळलं का सर?’ असे लिहून निळ्या खुणा उमटतात का ते पाहत बसणे, मुलाखत घेणाऱ्याच्या मेहुण्याचा पत्ता काढून वशिल्याची दोरी ओढणे, हा सगळा तगादा. शेवटच्या प्रकाराने काम होतच नाही असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण जिथे तसे काम होते तिथे पुढची वीस वर्षेही त्याच दोरीवर चालावे लागते.

अमेरिकेत मुलाखतीनंतर चोवीस तासांच्या आत आभाराचे पत्र पाठविण्याची रीत आहे आणि आता आपल्या शहरांतही ती आली आहे. आपल्याकडच्या नाकाला तिचा थोडा खुशामतीचा वास येतो हे खरे. तथापि दोन ओळींचे आभार, आणि मुलाखतीत अर्धवट राहिलेल्या एखाद्या मुद्द्याचा नीट खुलासा, असे त्या पत्राचे स्वरूप ठेवले तर ते शोभून दिसते. खरे महत्त्वाचे पत्र दुसरे : मुदत उलटल्यावर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ देऊन लिहावयाचे. पुतणीने त्याचा जो मसुदा मला दाखविला तो दीड पानांचा होता. आपल्याला लहानपणापासून संगणकाची आवड आहे, या वाक्याने त्याचा प्रारंभ होत होता. आम्ही दोघांनी बसून तो छाटला. कंपनीला ते इंग्रजीतच गेले, पण मराठीत त्याचे रूप असे झाले असते :

‘स. न. वि. वि. अमुक पदासाठी १२ तारखेस माझी मुलाखत झाली होती. निर्णय महिनाअखेरीस अपेक्षित असल्याचे आपल्याकडून नंतर फोनवर समजले होते. या पदाविषयीची माझी इच्छा कायम आहे. निवडीची प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे आणि नवीन तारीख ठरली असल्यास ती कोणती, हे कृपया कळवावे. माझ्याकडून एखादा कागद हवा असल्यास त्वरित पाठवीन.’

खाली नाव आणि दूरध्वनी क्रमांक. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि मुलाखतीची तारीख, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्याला हुडकावे लागत नाही. आणि जमल्यास पूर्वीच्याच पत्रव्यवहाराला जोडून, म्हणजे मागचा सगळा संदर्भ खाली आपोआप लोंबत राहतो. ज्यांनी मुलाखतीत तारीख विचारली नव्हती, त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन करून विचारावी. पुतणीने तेच केले होते. या पत्राला उत्तर आले नाही तर आठवड्याने आणखी एकदा लिहावे. त्यानंतर मौन हेच उत्तर समजावे, असे माझे मत आहे. ते असभ्य उत्तर आहे, पण उत्तर आहे. आणि या सर्व काळात इतरत्र अर्ज पाठविणे एक दिवसही थांबवू नये, कारण एकाच लिफाफ्याची वाट पाहणारा माणूस जिन्यावरची पावले मोजू लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

सरकारी नोकरीचा न्याय वेगळा. तिथे व्यक्तीने व्यक्तीला विचारण्याची सोय नाही, आणि ती नसणे हेच योग्य आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे उदाहरण घ्या. २०२४ च्या परीक्षेच्या मुलाखती नवी दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये ७ जानेवारी २०२५ ला सुरू झाल्या, १७ एप्रिलला संपल्या, आणि २२ एप्रिलला १,००९ उमेदवारांच्या शिफारशीसह निकाल जाहीर झाला. म्हणजे पहिल्या दिवशी मुलाखत दिलेल्याने १०५ दिवस वाट पाहिली आणि शेवटच्या दिवशी दिलेल्याने पाच. गुण मात्र दोघांनाही त्याच २७५ पैकी. येथे पाठपुरावा याचा अर्थ आयोगाचे संकेतस्थळ वाचणे आणि कागदपत्रांची थैली तयार ठेवणे. महाराष्ट्रात तर ही थैली म्हणजे निम्मी लढाई असते. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास यांपैकी एखाद्या प्रमाणपत्राची मुदत किंवा नावातले एक अक्षर चुकल्यामुळे यादीत आलेला माणूस पडताळणीच्या टेबलाशी अडकतो. मुलाखतीनंतरचे रिकामे दिवस सेतू केंद्राच्या रांगेत घालविले, तर ते वाया जात नाहीत.

यादीत नाव आले की प्रतीक्षा संपली, असेही नाही. महाराष्ट्राच्या २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा निकाल जून २०२० मध्ये लागून ४१३ उमेदवारांची शिफारस झाली. पण मराठा आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे नियुक्त्या रखडल्या, आणि तहसीलदार, उपजिल्हाधिकारी म्हणून गावात हारतुरे स्वीकारलेली मुले वर्षाहून अधिक काळ घरीच बसून राहिली. शिफारस, नियुक्ती आणि रुजू होणे हे तीन वेगळे शब्द आहेत, हे त्यांच्या आईवडिलांना त्या वर्षात कळले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ सालीच सांगून ठेवले आहे की, निवड-यादीत नाव आल्याने नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाही. मात्र शासनाला मनमानीने जागा रिकाम्या ठेवता येणार नाहीत, हेही त्याच निर्णयात आहे. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर रखडलेल्या उमेदवाराने बोट ठेवावे. त्याच्या हाती दुसरे साधन माहितीच्या अधिकाराचे. दहा रुपयांचे शुल्क आणि साध्या भाषेतला अर्ज, की तीस दिवसांत आपली फाइल कोणत्या टेबलावर आहे हे सांगण्यास कार्यालय बांधील होते. मंत्रालयाच्या व्हरांड्यात तासन्‌तास घालविण्यापेक्षा हा मार्ग पायांनाही बरा आणि स्वाभिमानालाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ब गटातील अराजपत्रित आणि क गटातील पदांसाठी मुलाखतच बंद केली, त्यामुळे लक्षावधी मुलांच्या वाटेतील निदान हा एक जिना कमी झाला.

खाजगी नोकरीत असा कोणताच कायदा आपल्याकडे नाही. तो असू शकतो, हे दाखविले कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने. टोरांटोच्या आसपास मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलांना आता हे ठाऊक झाले असेल : १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात देऊन भरावयाच्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत, निर्णय झाला आहे की नाही हे कळविलेच पाहिजे. निवडा अशी सक्ती नाही, कारणे द्या अशीही नाही. ‘आम्ही कळवू’ या वाक्याला सरकारने फक्त तारीख जोडून दिली आहे, आणि मला तर हा कायदा करणाऱ्यांनी केव्हातरी स्वतः चाळीत राहून पोस्टमनची वाट पाहिली असावी, अशी शंका येते.

शेवटी होकार आला तर तोही नीट वाचावा. फोनवरचे ‘तुमचं झालंय’ हे वाक्य आनंदाचे असले तरी त्याच्या भरवशावर हातच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. पदनाम, पगार, रुजू होण्याची तारीख आणि सही असलेले पत्र हाती येईपर्यंत पेढे आणण्यास हरकत नाही, राजीनामा देण्यास आहे. २०२२ च्या सुमारास महाविद्यालयांतून निवडले गेलेले किती तरी तरुण अभियंते तर असे पत्र हाती असूनही दोन-दोन वर्षे रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत राहिले. आणि अशा वाट पाहणाऱ्यांच्या दारात भामटेही टपून असतात : कंपनीच्या नावाचे पत्र, खाली शिक्का, आणि लॅपटॉपची अनामत किंवा नोंदणी-शुल्क म्हणून काही हजारांची मागणी. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. घेऊ लागला तर १९३० या सायबर मदत-क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. नकार आल्यास मात्र त्यालाही दोन ओळींचे सौजन्याचे उत्तर लिहावे, असा माझा आग्रह आहे, आणि तो संतवृत्तीतून आलेला नाही. पहिल्या क्रमांकाचा माणूस कधी कधी येतच नाही. त्याचे पत्र अकरा नंबरच्या खोलीत पडलेले असते.

टपालखात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पत्राची जुनी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करून टाकली. नेमणुकीचा हुकूम रजिस्टरने यायचा, पोस्टमन सहीसाठी पेन पुढे करायचा आणि शेजारची चार डोकी दारातून बाहेर यायची, तो काळ त्याआधीच संपला होता. पुतणीचे पत्र मंगळवारी सकाळी अकराला गेले, आणि उत्तर बुधवारी दुपारी आले. त्यात होकार नव्हता, नकारही नव्हता. एका वरिष्ठांची मान्यता बाकी असून १८ तारखेपर्यंत निश्चित कळवितो, असे लिहिले होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि कालनिर्णयवरच्या अठरा तारखेच्या चौकटीत काहीतरी लिहू लागली. तिथे तिच्या आईने आधीच ‘दूध २ लि.’ असे लिहून ठेवले होते. तेव्हा तिने आपले आद्याक्षर त्याच्या शेजारी, अगदी कोपऱ्यात, बारीक करून बसविले.